दाद कुठली, गाणं कुठलं : मिरज, लाहोर आणि चंदीगड



गाण्याचे शौकीन एकत्र आले आणि त्यांतला एखादा नुकताच प्रवास करून आलेला असला, की एक विषय हमखास निघतो. कुठले श्रोते कसे? पंजाबात गाणं ऐकून आलेला मराठी माणूस सांगतो, "तिकडे दाद मोकळी असते हो. तान संपायच्या आत वाहवा सुरू." पुण्यात ऐकून गेलेला पंजाबी माणूस तिकडे जाऊन सांगतो, "वहाँ लोग चुप बैठते हैं, पर सुनते बहुत हैं." मग गाडी पुढे जाते. पंजाबी गाण्यात जोर, मराठी गाण्यात शिस्त. तिकडे हरकत, इकडे व्याकरण. आणि शेवटी कुणीतरी सगळं मातीवर सोपवून देतं : "शेवटी मातीचा गुण आहे."

चंदीगडमध्ये तर ही चर्चा फार रंगते. लष्करात, बँकांत, संशोधन संस्थांत बदली होऊन तिथं गेलेले मराठी लोक असतात. फाळणीनंतर लाहोर-लायलपूरकडून आलेली पंजाबी घराणी असतात. सेक्टर 18 मधल्या टागोर थिएटरमध्ये मैफल संपली की पार्किंगपाशी, चहाच्या टपरीवर, हेच बोलणं. तुमच्याकडे असं, आमच्याकडे तसं.

आजच्या भागात या गप्पांकडे मी इतिहास म्हणून बघणार आहे. गप्पा खोट्या नाहीत, फरक खरेच असतात. पण "मातीचा गुण" म्हणून आपण ज्याच्यावर बोट ठेवतो, ते बहुतेक वेळा कुणीतरी, कधीतरी, प्रवास करून तिथं नेलेलं असतं. कोणी नेलं, कुठल्या वाटेनं नेलं आणि वाटेत काय सांडलं, एवढं आज बघू.

जुनं शहर नसलेलं शहर

सुरुवात चंदीगडपासून. आपल्याकडे एखाद्या गावाचं गाणं म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? एखादा दरबार, एखादं देऊळ, एखादी गल्ली जिथं गवई राहायचे. ग्वाल्हेर, आग्रा, पतियाळा, किराणा ही घराण्यांची नावं म्हणजे मुळात गावांचीच नावं. चंदीगडला यातलं काहीच नाही. 1947 साली पंजाबची फाळणी झाली, राजधानी लाहोर पाकिस्तानात गेली आणि भारतातल्या पंजाबला राजधानीच उरली नाही. काही काळ शिमल्यातून कारभार चालला. मग शिवालिकच्या पायथ्याशी नवं शहर वसवायचं ठरलं, ल कॉर्ब्युझिए या वास्तुरचनाकाराकडे आराखडा आला, आणि 7 ऑक्टोबर 1953 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते राजधानीचं उद्घाटन झालं. गल्ल्यांऐवजी सेक्टर आले, आणि त्यांना नावांऐवजी आकडे.

म्हणजे हे शहर एका हरवलेल्या शहराच्या जागी उभं राहिलेलं आहे. विद्यापीठाचंच बघा. लाहोरला 1882 मध्ये स्थापन झालेलं पंजाब विद्यापीठ फाळणीत दुभंगलं. भारतातला भाग आधी सोलनहून चालला आणि मग चंदीगडच्या सेक्टर 14 मध्ये स्थिरावला. सरकार, न्यायालय, विद्यापीठ, सगळं लाहोरहून उखडून नव्या जागी रुजवावं लागलं. मग गाण्याचं काय झालं?

1956 मध्ये चंदीगडला प्राचीन कला केंद्र सुरू झालं. गाणं, वादन, नृत्य यांचं शिक्षण आणि परीक्षा हे तिचं मुख्य काम. आज बंगाल-आसामपर्यंत तिची परीक्षा केंद्रं पसरलेली आहेत. तिथल्या लहान गावातली मुलगी तबल्याची किंवा कथ्थकची परीक्षा देते आणि प्रमाणपत्रावर चंदीगडचं नाव येतं. घराणं नसलेल्या शहराला गाण्याच्या जगात ओळख मिळाली ती परीक्षांमुळे.

आता परीक्षा, इयत्ता, नेमलेले राग, छापील पुस्तक आणि शेवटी "विशारद", ही गाणं शिकवायची पद्धत आली कुठून? ती घडवण्यात दोन मराठी माणसांचा सर्वांत मोठा वाटा आहे. एक विष्णु नारायण भातखंडे आणि दुसरे विष्णु दिगंबर पलुसकर. यांतल्या दुसऱ्या विष्णूंनी आपली शाळा पहिल्यांदा उघडली ती पुण्यात नाही, मुंबईत नाही. ती लाहोरला.

कुरुंदवाडहून लाहोरला

विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्म 18 ऑगस्ट 1872 चा, कुरुंदवाडचा. वडील कीर्तनकार. लहानपणी फटाक्याच्या दारूनं डोळे अधू झाले, शाळा सुटली आणि मुलाला गाण्याला लावायचं ठरलं. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिक्षण झालं, तेही संस्थानच्या आश्रयानं. पण एक सल मनात राहिली. राजाला गाणं आवडतं, सरदाराला आवडतं, मात्र गवयाला बरोबरीनं कुणी बसवत नाही. 1896 मध्ये त्यांनी मिरज सोडली.

पुढची पाच वर्षं म्हणजे प्रवासच. बडोदा, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली, जालंधर, लाहोर. या वाटेवर त्यांनी दोन गोष्टी केल्या, त्या नीट लक्षात ठेवा. सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली. तोवर गाणं ऐकायचं तर राजवाड्यात, देवळात किंवा कोठीवर. पैसे मोजून कुणीही ऐकावं, ही कल्पना नवी होती. दुसरी गोष्ट मथुरेची. तिथं ते राहिले आणि ब्रजभाषा शिकले, कारण ख्यालाचे बोल त्याच भाषेत असतात. मिरजेत शिकताना ते शब्द तोंडपाठ होते. आता त्यांचा अर्थ आणि उच्चार हाती आला.

5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू झालं. ते चाललं लोकांच्या देणग्यांवर. राजाचं नाव लावून नाही, तर वर्गणीवर. लाहोर त्या वेळी उत्तर हिंदुस्थानातलं छापखान्यांचं, महाविद्यालयांचं, सुधारणावादी सभांचं शहर होतं. वकील, मास्तर, सरकारी नोकर असा शिकलेला मध्यमवर्ग होता, आणि आपल्या मुलांनी गाणं शिकावं, पण ते "इभ्रतीत" शिकावं, असं त्याला वाटत होतं. पलुसकरांना हवा होता तो समाज तिथं तयार मिळाला.

त्यांनी स्वरलिपी तयार केली, "संगीत बालप्रकाश"सारखी पुस्तकं छापली, इयत्ता ठरवल्या. उपदेशक वर्ग काढला. त्यात मुलांना ठेवून घ्यायचं, जेवणखाण, कपडा सांभाळायचा आणि त्यांनी पुढं शिक्षक व्हायचं. या मुलांत मिरजेकडची मुलंही होती. विनायकबुवा पटवर्धन 1907 च्या सुमारास, म्हणजे साधारण नऊ वर्षांचे असताना, मिरजेहून लाहोरला गेले. पंजाब मेल सुरू व्हायलाही अजून पाच वर्षं होती. ती गाडी 1912 ची. नऊ वर्षांचा मराठी मुलगा, भाषा वेगळी, थंडी वेगळी, जेवण वेगळं, आणि शिकायला बसला तर गुरू मराठी आणि गायकी ग्वाल्हेरची.

1908 मध्ये पलुसकरांनी मुंबईला महाविद्यालय काढलं. 1916 मध्ये लाहोरच्या शाळेचे प्राचार्य झाले ओंकारनाथ ठाकूर, म्हणजे गुजराती माणूस. पलुसकर 1931 च्या ऑगस्टमध्ये मिरजेला गेले. त्याच साली शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. आपल्याकडे "गांधर्वची परीक्षा" म्हणतात ती ही.

म्हणून चंदीगडचा पंजाबी माणूस जेव्हा म्हणतो, की परीक्षा, पुस्तक, शिस्त हा मराठी स्वभाव आहे, तेव्हा त्याला सांगावं, की या शिस्तीची शाळा तुमच्या आजोबांच्या लाहोरात, तुमच्या आजोबांच्या वर्गणीवर उभी राहिली. मिरजेनं माणूस दिला. शाळा लाहोरनं दिली.

आणि त्याआधी?

आपली मराठी ख्यालगायकी तरी कुठून आली? पलुसकरांचे गुरू बाळकृष्णबुवा, मूळचे मिरज-इचलकरंजीकडचेच. गाणं शिकण्यासाठी ते तरुणपणी उत्तरेला गेले, आधी धार, मग ग्वाल्हेर. ग्वाल्हेरला त्यांना वासुदेवबुवा जोशी यांनी शिकवलं, आणि वासुदेवबुवा हे हस्सू खाँ यांचे शिष्य. ते शिकून परत आले आणि मिरज-इचलकरंजीकडे त्यांनी ते रुजवलं. आज आपण ज्याला "आपलं जुनं शास्त्रीय गाणं" म्हणतो, ते पश्चिम महाराष्ट्रात असं पायी चालून आलेलं आहे.

आता त्यातली खरी गंमत. ग्वाल्हेर गायकीत टप्पा नावाचा एक प्रकार आहे. भराभर उसळणाऱ्या छोट्या ताना, श्वासाची परीक्षा. त्याचे शब्द असतात पंजाबी. परंपरा सांगते, की अठराव्या शतकात लखनौच्या शोरी मियाँनी पंजाबातल्या उंटवाल्यांच्या गाण्यांवरून हा प्रकार घडवला. पंजाबातून लखनौ, लखनौहून ग्वाल्हेर, ग्वाल्हेरहून मराठी गवयांच्या गळ्यात. आपल्या काळात टप्पा म्हटलं की मालिनी राजूरकरांचं नाव पहिलं येतं. मराठी बाई, राहायला हैदराबादला, गायच्या पंजाबी.

मंडळी, एखाद्या पंजाबी श्रोत्यानं टप्पा ऐकला तर त्याला त्यात आपल्या भाषेचे, थोडे झिजलेले शब्द सापडतात. शब्द त्याच्या घरचे, सांभाळले मात्र दुसऱ्यांनी. जोर पंजाबी आणि शिस्त मराठी अशी वाटणी करणाऱ्यानं टप्पा कुठल्या रकान्यात टाकायचा?

रागांची नावं घ्या. मुलतानी, पहाडी, सोरठ, जौनपुरी. प्रत्येकात एक प्रदेश आहे. पुण्यात दुपारच्या मैफलीत मुलतानी गाणाऱ्याला मुलतानचा व्हिसा लागत नाही, आणि त्या क्षणी मुलतान कुठल्या देशात आहे हे कुणाच्या मनातही येत नाही.

जालंधरचा मेळा

पंजाबात गाणं ऐकायला जायचं तर सर्वांत जुनं ठिकाण जालंधर. तिथं देवी तालाबच्या काठी स्वामी हरबल्लभ यांनी आपल्या गुरूंच्या, स्वामी तुळजागिरींच्या स्मरणार्थ डिसेंबर 1875 मध्ये गाण्याचा मेळा भरवला. तेव्हापासून दर वर्षी, डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांत, कडाक्याच्या थंडीत तो भरतो. मूळ रूप मेळ्याचंच. देवस्थान, साधू, पंगत आणि रात्रभर गाणं. तिकीट नाही. येईल तो श्रोता. पलुसकर तिथं गायले. भास्करबुवा बखले यांनाही त्या मेळ्यात मान होता. हेच भास्करबुवा पुढे बालगंधर्वांच्या "स्वयंवर" नाटकाला संगीत देतात, तेव्हा मराठी रंगभूमीवर येणारं गाणं किती ठिकाणचं पाणी पिऊन आलेलं होतं, याचा अंदाज करा.

या मेळ्याची आपल्याला सर्वांत जवळची गोष्ट मात्र भीमसेन जोशींची. 1933 मध्ये, अकरा वर्षांचे असताना, ते गदगहून घर सोडून निघाले. गुरू शोधायचा होता. विनातिकीट गाड्या, डब्यात गाणी म्हणून मिळेल ते खाणं, ग्वाल्हेर, खरगपूर, कोलकाता, दिल्ली असं करत जालंधरला पोचले. तिथं भगत मंगतराम या अंध धृपदियांकडे राहून शिकू लागले. हरबल्लभच्या मेळ्यात त्यांना विनायकबुवा पटवर्धन भेटले. तेच, जे नऊ वर्षांचे असताना मिरजेहून लाहोरला गेले होते. विनायकबुवांनी या मुलाला समजावलं, की तुझ्या घराच्या जवळ, कुंदगोळला, सवाई गंधर्व आहेत, त्यांच्याकडे जा. आणि मुलगा परत फिरला.

म्हणजे घराजवळचा गुरू सापडायला पंजाबपर्यंत जावं लागलं. पुढं 1953 मध्ये त्याच शिष्यानं गुरूच्या स्मरणार्थ पुण्यात महोत्सव सुरू केला. तोही गुरूच्या नावानं, तोही डिसेंबरात, शाली पांघरून ऐकायचा. सवाई गंधर्व महोत्सव आणि हरबल्लभचा मेळा, दोन्हीकडे जाऊन आलेला माणूस फरकच सांगतो. इकडे बटाटेवडा, तिकडे लंगर. इकडे तिकिटाची रांग, तिकडे खुलं मैदान. पण दोन्हींच्या मुळाशी शिष्यानं गुरूसाठी केलेलं स्मरण आहे.

आणखी एक मराठी मुलगा लाहोरला गेला होता. वसंतराव देशपांडे, जन्म 1920 चा, मूर्तिजापूरचा. मामा लाहोरला रेल्वेत नोकरीला, म्हणून हा तिकडे. तिथं उस्ताद असद अली खाँ यांच्याकडे त्यांनी मारवा शिकला. पुढं वसंतरावांचं गाणं ऐकून पुण्यातली काही मंडळी कपाळाला आठ्या घालायची. हे कुठल्या घराण्याचं? हे आपल्याकडचं वाटत नाही. बरोबरच होतं त्यांचं. त्यात लाहोर होतं. आज मात्र आपण वसंतरावांना मराठी गाण्याचा मानबिंदू म्हणतो. बाहेरून आलेलं आपलं व्हायला एक पिढी पुरते, आणि एकदा आपलं झालं की आपण त्यालाही मातीचा गुण म्हणतो.

काय हलवता आलं आणि काय नाही

आता जरा अवघड भागाकडे येऊ.

1947 मध्ये पंजाबातून गाण्याची माणसं दोन्ही दिशांना गेली, पण सारखी नाही. पूर्व पंजाबातले बहुतेक पिढीजात गवई मुसलमान होते. ते पाकिस्तानात गेले. होशियारपूर जिल्ह्यातल्या शाम चौरासीचे नजाकत अली आणि सलामत अली आधी मुलतानला गेले. पतियाळ्याचे अमानत अली आणि फतेह अली लाहोरला. भाई मर्दाना यांच्यापासून परंपरा सांगणारे रबाबी, जे गुरुद्वारांत पिढ्यान्‌पिढ्या कीर्तन करत होते, तेही सीमेपलीकडे. पतियाळा घराणं म्हणतो, पण पतियाळा शहरात ते गाणारं घर उरलं नाही.

उलट दिशेची मोठी नावं मुंबईला सापडतात. कसूरला जन्मलेले बडे गुलाम अली खाँ फाळणीनंतर पाकिस्तानातून परत आले आणि मुंबईत राहिले. त्यांचं निधन 1968 मध्ये हैदराबादला झालं. पंजाब घराण्याचा तबला मियाँ कादिर बक्श यांच्याकडे शिकलेले अल्लारखाँ फाळणीच्या आधीच मुंबईत आले होते. त्यांचा मुलगा झाकीर 1951 मध्ये मुंबईत जन्मला, माहीमला वाढला. पंजाबचा तबला ऐकायचा तर अमृतसरपेक्षा माहीमचा पत्ता जवळचा झाला.

मग नव्या राजधानीच्या वाट्याला काय आलं? पलुसकरांची पद्धत हलवायला सोपी होती. पुस्तक पेटीत मावतं. अभ्यासक्रम कागदावर असतो. विशारद झालेला शिक्षक निर्वासित होऊन आला तरी दुसऱ्या दिवशी चार मुलं जमवून शिकवणी सुरू करू शकतो. उस्तादाचं गाणं असं हलत नाही. त्याला त्याचे भाऊ, मुलगे, शेजारी, त्याचा दर्गा, त्याला ओळखणारे दोन-तीनशे कान लागतात. ते सगळं एकत्र उचलता येत नाही. म्हणून परीक्षा आल्या आणि घराणी गेली. चंदीगड परीक्षांचं शहर झालं, ते पंजाबी माणसाला प्रमाणपत्रांची आवड होती म्हणून नाही. फाळणीतून जेवढं शाबूत आणता आलं, ते त्या पद्धतीचं होतं.

इथं मराठी माणसानं छाती फुगवायचं कारण नाही. पलुसकरांच्या सुधारणेची एक बाजू अशीही आहे, की गाणं "इभ्रतदार" करताना पिढीजात गवई, विशेषतः मुसलमान उस्ताद आणि गाणाऱ्या बाया, हळूहळू चौकटीबाहेर पडल्या. वर्गात प्रार्थना आली, भजन आलं, आणि ज्यांच्याकडून हे गाणं मुळात आलं होतं ते त्या वर्गात बसायला अवघडले. हस्सू खाँ नसते तर वासुदेवबुवा नसते. वासुदेवबुवा नसते तर बाळकृष्णबुवा नसते. ही साखळी शाळेच्या भिंतीवरच्या तसबिरीत पूर्ण दिसत नाही. पलुसकरांनी गाण्याला घराघरांत नेलं हे खरं, आणि त्याची किंमत काही घरांनी मोजली हेही खरं. दोन्ही वाक्यं एका दमात म्हणता यायला हवीत.

मग फरक नाहीतच का?

आहेत. पण ते कुठून येतात हे बघितलं की गप्पा जास्त रंगतात.

मराठी माणसाला राग ओळखू येतो तो बऱ्याचदा नाट्यपदावरून. 1880 च्या "संगीत शाकुंतल"पासून तीन-चार पिढ्यांनी तिकीट काढून, खुर्चीत बसून, पदांना "वन्स मोअर" देत राग ऐकले. आवडलं तर पुन्हा मागायचं, पण पद संपल्यावर. नाटकगृहानं हा शिरस्ता लावला. पुढं मैफलीतला श्रोताही तसाच बसला.

पंजाबी माणसाच्या कानावर राग पडतात ते गुरबाणीतून. गुरु ग्रंथसाहिबाची रचनाच 31 मुख्य रागांनुसार आहे. रागाचं नाव शीर्षकात असतं. तिथं गाणं म्हणजे सेवा, ऐकणं हीही सेवा, आणि ते सगळ्यांनी मिळून, जमिनीवर बसून. भैणी साहिबच्या नामधारी शिखांनी तर फाळणीनंतरही जुनी वाद्यं आणि शास्त्रीय शिक्षण जपलं. मेळा असो वा गुरुद्वारा, तिथला श्रोता गाणाऱ्यापासून वेगळा बसत नाही, म्हणून दादही मधेच, मोकळी.

म्हणजे तिकीट आणि खुर्ची एका बाजूला, सतरंजी आणि लंगर दुसऱ्या बाजूला. यात मातीपेक्षा बैठकीची व्यवस्था जास्त बोलते. पुरावा हवा असेल तर टागोर थिएटरमध्ये बघा. खुर्च्या आहेत, दिवे मंद होतात, आणि तिथला पंजाबी श्रोता पुणेकरासारखाच शांत बसतो. आणि आषाढात वारीच्या दिंडीत अभंग चालू असताना मराठी माणूस कुठं गप्प बसतो?

वारीवरून आठवलं. ग्रंथसाहिबात नामदेवांची 61 पदं आहेत. नामदेव पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला राहिले, असं परंपरा सांगते, आणि तिथं त्यांचं स्थान आहे. 2015 च्या एप्रिलमध्ये 88 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथं भरलं, सदानंद मोरे अध्यक्ष होते. तेव्हा अनेक मराठी माणसांना पहिल्यांदा जाणवलं, की आपल्या एका संताचं नाव पंजाबातल्या खेड्यात रोज भक्तीनं घेतलं जातं, "भगत नामदेव" म्हणून. त्याला "महाराष्ट्राचा" म्हणून नाही, आपला म्हणून.

तर पुढच्या वेळी मैफल संपल्यावर, गाडीत किंवा टपरीवर, तुमच्याकडे असं आणि आमच्याकडे तसं हा विषय निघाला, तर निघू द्या. तो बंद करायचं कारण नाही. अशा गप्पांतूनच माणसं एकमेकांचं गाणं ऐकायला जातात. फक्त त्यात एक प्रश्न घाला : हे इथं कुणी आणलं? लाहोर आज नकाशावर आपल्यापासून तुटलेलं आहे. पण चंदीगडच्या परीक्षेत, वसंतरावांच्या मारव्यात, माहीमच्या तबल्यात ते अजून सापडतं. नाव विचारलं नाही, तर ते निनावीच राहील.

तुमच्या घरी, ओळखीत, मिरजेहून लाहोरला किंवा लाहोरहून इकडे गाण्यासाठी आलेल्या कुणाची आठवण असेल, तर ती लिहून ठेवा. त्या पिढीला पाहिलेली माणसं आता थोडी उरली आहेत.